म्हशीच्या पोटातलं क्वांटम

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. अध्यक्षांची पॅन्ट आम्ही काढली नाही. ती त्यांनी स्वतः काढली, विचार करून काढली, आणि त्यामागचं कारण पूर्णपणे शास्त्रीय होतं. मंगरूळपीरमध्ये या प्रसंगाच्या सध्या किमान चार आवृत्त्या फिरताहेत, आणि त्यांतल्या एकीत ती पॅन्ट म्हशीने खाल्ली आहे. म्हशीने पॅन्ट खाल्लेली नाही. तिने धोतर खाल्लं, तेही सगळं नाही. मी नंतर मोजलं, बावीस सेंटिमीटर.

मी सरिता. भौतिकशास्त्रात एम.एस्सी., आणि धम्मपाल सरांच्या प्रकल्पावर संशोधन सहायक. सर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात आणि उरलेल्या वेळात, म्हणजे दिवसाचे चौदा तास, क्वांटम संवेदकावर काम करतात. हा संवेदक म्हणजे तिळाएवढा हिरा. हिऱ्यात सगळा कार्बन असतो, पण आमच्या हिऱ्यात मधूनमधून एखादा अणू नायट्रोजनचा आहे आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. त्यावर हिरवा लेसर टाकला की हिरा लाल चमकतो, आणि आसपासचं चुंबकीय क्षेत्र जरासं बदललं तरी ती चमक जराशी बदलते. ती मोजायची. एवढंच. हे 'एवढंच' मी माझ्या आईला सात वेळा समजावून सांगितलं आहे आणि सातही वेळा तिने शेवटी विचारलं, "मग तो हिरा घरी आणता येतो का?"

अडचण अशी होती की आमचा संवेदक फार हुशार आणि आमची प्रयोगशाळा बसस्टँडपासून नव्वद मीटरवर. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा लाखावा भाग ओळखू शकणारं यंत्र तिथे दिवसभर एसटी मोजत बसायचं. आलेखात मोठा खड्डा पडला की कारंजा गाडी लागली. खड्डा पडून आलेख तिथेच राहिला की गाडी बंद पडली. दोन वर्षांच्या मोजमापातून आमच्या हाती एकच भरवशाचा निष्कर्ष लागला होता, तो म्हणजे सोमवारी गाड्या उशिरा सुटतात. हा निष्कर्ष मंगरूळपीरमध्ये कोणालाही नवा नव्हता.

मग पत्र आलं. प्रकल्पाला मदत देणाऱ्या समितीने लिहिलं होतं, की अठरा दिवसांनी समिती मंगरूळपीरला येईल. त्या दिवशी संवेदकाचा 'प्रत्यक्ष व्यवहारातला उपयोग' दाखवावा. तो दाखवता आला नाही, तर यंत्र पुण्याच्या एका मोठ्या संस्थेत हलवण्यात येईल.

सरांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. मग ते संवेदकाजवळ जाऊन उभे राहिले. त्याच्या लाकडी तिवईला त्यांनी स्वतः रंधा मारला होता, खिळा न वापरता. तिवईचा पाय त्यांनी रुमालाने पुसला. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"सरिता," ते म्हणाले, "उपयोग शोध."

मी शोधायला लागले. मी ज्यांच्या घरी खोली घेऊन राहते त्या चंपाबाईंनी पहिली मागणी नोंदवली. त्यांची सोन्याची नथ गेल्या पोळ्यापासून सापडत नव्हती. सोनं आमच्या यंत्राला दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं. "लोखंड दिसते अन् सोनं नाई दिसत?" चंपाबाई म्हणाल्या. "मंग यंत्र कोणी घेऊन देलं वं तुमाले? पाहून घ्या लागते." शेजारच्या निवृत्त गुरुजींनी भूकंप ओळखायचं सुचवलं, पण अठरा दिवसांत भूकंप होईल याची हमी ते देईनात. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, पंक्चरमधला खिळा शोधा. हे जमण्यासारखं होतं, पण त्याच्याकडे आधीच एक घमेलं पाणी होतं आणि ते क्वांटमपेक्षा वेगाने काम करत होतं.

दहाव्या दिवशी सकाळी रुपाबाई आल्या. त्या तांड्यावरून अकरा किलोमीटर जीपने येऊन चंपाबाईंकडे दूध घालतात. त्या दिवशी त्यांची कॅन रिकामी होती.

"हरणी चार दिवस झाले खाऊन नाई राह्यली," त्या उंबऱ्यावर बसत म्हणाल्या. "रवंथ नाई, काही नाई. नुसती पाठ वाकवून उभी राह्यते. डॉक्टर म्हणते, कुटारातून तार गेली असन पोटात."

हरणी ही त्यांची म्हैस. वजन अंदाजे पाचशे किलो. नाव ठेवताना ती लहान असावी. तांड्यावर घरकुलाचं बांधकाम चालू होतं, आणि सळ्या बांधायच्या तारेचे तुकडे सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, पडले होते. म्हैस काय, चावून खात नाही, आधी गिळते आणि मग निवांत विचार करते.

"मंग कापून काढा म्हणा की," चंपाबाई म्हणाल्या.

"तेच तं. डॉक्टर म्हणते, नुसत्या अंदाजावर मी पोट फाडणार नाई. तार हाय का नाई, कोण सांगन?"

मी हातातला चहा खाली ठेवला. तो मी चपलेवर ठेवला, हे नंतर कळलं. तशीच धावत कॉलेजात गेले आणि सरांना सांगितलं. सर फळ्यावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी खडू ठेवला. कातडीच्या आत तीस-चाळीस सेंटिमीटरवर पाच सेंटिमीटरची तार, असं म्हणून त्यांनी हवेतच आकडेमोड केली.

"तीस नॅनोटेस्ला येईल," ते म्हणाले. "बसस्टँडजवळ तीस नॅनोटेस्ला म्हणजे जत्रेत शिंक. पण तांड्यावर..." आणि ते हसले. मी दोन वर्षांत त्यांना चौथ्यांदा हसताना पाहिलं.

आता उपयोग सापडला होता. राहिलं होतं फक्त परवानगीचं.

आमचे हेडक्लार्क माणिकराव हे अतिशय नियमनिष्ठ गृहस्थ आहेत. ते म्हणाले, यंत्र कॉलेजच्या बाहेर न्यायचा फॉर्मच नाही. बाहेर न्यायचा एकच फॉर्म आहे, तो क्रीडा साहित्याचा. मी म्हटलं, तोच द्या. त्यात 'खेळाचे नाव' हा रकाना सक्तीचा होता. पाऊण तासाच्या चर्चेनंतर भारतातला सर्वांत छोटा क्वांटम प्रयोग आंतरमहाविद्यालयीन व्हॉलीबॉलसाठी तांड्यावर रवाना झाला. "नेट पण लिवा," माणिकराव म्हणाले, "नाईतं वर कोणी विचारलं, बिगर नेटचं कसं खेळले, तं मी काय सांगू?" मी नेट लिहिलं. नेट आम्हाला खरोखर न्यावं लागलं.

समितीच्या पोर्टलवर त्याहून कठीण प्रसंग आला. सजीवावर प्रयोग असेल तर त्याची माहिती भरायची होती, पण सजीव म्हणजे माणूसच, अशी पोर्टलची ठाम समजूत. नाव: हरणी. लिंग: स्त्री. वय: सात. त्यावर लाल अक्षरांत सूचना आली, सहभागी व्यक्ती अल्पवयीन आहे, पालकाची संमती जोडा. रुपाबाईंचा अंगठा जोडला. बारा अंकी ओळख क्रमांक मागितला. हरणीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर नेमके बारा अंक होते, ते टाकले, आणि पोर्टलने ते आनंदाने स्वीकारले. शिक्षण: मी 'निरक्षर' निवडलं. व्यवसाय: पर्यायांत 'गृहिणी' होतं. मला वाईट वाटलं, पण दुसरं काही जवळ जाणारं नव्हतं.

तेराव्या दिवशी आम्ही सरावासाठी तांड्यावर गेलो. टेकडीवर शंभरेक घरं. एका कडेला रुपाबाईंचा जुना गोठा, लाकडी खांब, वर गवताचं छप्पर, खिळा एकही नाही, सगळं सुतळीने बांधलेलं. सर त्या गोठ्यात शिरले आणि एखादा माणूस देवळात उभा राहतो तसे उभे राहिले.

तरीही शंभर मीटरच्या आतलं सगळं लोखंड हलवावं लागणार होतं. रुपाबाईंचे नवरे सोमलाभाऊ यांनी ते काम अंगावर घेतलं. ऊसतोडीला जाणारा माणूस, हुकूम पाळायची आणि द्यायचीही सवय. अर्ध्या तासात सतरा कोयते, नऊ विळे, चार कुऱ्हाडी, तीन सायकली, एक पलंग आणि कोणाचा तरी पितळी समजून दोन पिढ्या जपलेला, पण चुंबकाला चिकटलेला एक तांब्या, असं सगळं टेकडीखाली नाल्याजवळ जमा झालं. तांब्याच्या घरात त्या दिवशी फार भांडण झालं, ते वेगळं. रुपाबाईंच्या अंगावर किलोभर तरी दागिने होते, हातभर बलोया, पायांत वाळे. मी भीतभीत चुंबक लावून पाहिलं. एकही चिकटला नाही. "माया सासूच्या आहेत," त्या म्हणाल्या. "चांदी हाय. तुयं यंत्र काई बोलणार नाई."

यंत्र खरंच काही बोललं नाही. बोललं ते जीपबद्दल. आम्हाला घेऊन आलेले बाबूलाल आमच्या नकळत जीप गोठ्याच्या मागच्या सावलीत लावून आत झोपले होते, आणि हे आम्हाला कळेपर्यंत ऊन उतरलं होतं, हरणी उभं राहून थकली होती आणि तिने संवेदकाला पाठ केली होती. त्या दिवशीचं एकही मोजमाप कामाचं नव्हतं.

परत निघताना सर गोठ्याच्या खांबाला टेकून म्हणाले, "काहीच दिसलं नाही तर यंत्र पुण्याला जाईल. मग मी फळा आणि खडू." ते हळू बोलले होते, पण सोमलाभाऊंच्या कानावर गेलं.

"मॅडम," त्यांनी मला बाजूला घेतलं, "यंत्राले लोखंड भेटलंच पायजे का?"

"हो."

"अन् नाईच भेटलं तं?"

"तर काही दिसणार नाही. लोखंड हवं किंवा चुंबक. चुंबक तर फारच ठळक दिसतं, लोखंडाच्या शंभरपट."

प्रश्नाचं नेमकं आणि पूर्ण उत्तर द्यावं, असं मला विद्यापीठात शिकवलं होतं. अर्ध्या उत्तराचे फायदे तिथे कोणी शिकवत नाही.

अठराव्या दिवशी समिती आली. तिघे होते. दोघे सदस्य मागे मागे राहायचे आणि टिपणं घ्यायचे, पण अध्यक्ष पुढे. करड्या रंगाचा सफारी कोट, चकचकीत बूट, आणि प्रत्येक गोष्ट नाकापासून सहा इंचांवर आणून पाहायची सवय. आमच्यासोबत जनावरांचे डॉक्टर संघपाल होते. शस्त्रक्रियेची पेटी त्यांनी नाल्याजवळ ठेवली होती. तार दिसली तर आजच पोट उघडायचं, असं ठरलं होतं. रुपाबाई सकाळपासून हरणीच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या. बारा दिवसांत हरणीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या होत्या. मी मोजल्या नाहीत.

तांडा झाडून जमला होता. सगळ्यांनी आपापलं लोखंड न सांगता खाली ठेवलं होतं. लेसर सुरू केला, हिरा चमकला, आलेख पडद्यावर आला आणि वेड्यासारखा हलू लागला.

"जीप!" सर ओरडले.

"जीप नाल्यापाशी हाय, साहेब, माय शप्पथ," बाबूलाल म्हणाले.

मी आलेखाकडे पाहिलं, मग आजूबाजूला. अध्यक्ष वाकून संवेदक नाकाजवळून पाहत होते. ते पुढे झाले की आलेख वर, मागे झाले की खाली. एखाद्या सन्माननीय पाहुण्याला ही गोष्ट कोणत्या शब्दांत सांगतात, हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी ती सर्वनामाशिवाय सांगितली. "थोडं लोखंड जवळपास आहे."

अध्यक्षांनी किल्ल्या दिल्या. घड्याळ दिलं. पट्टा दिला. आलेख निम्म्यावर आला. बूट काढले, त्यांच्या तळव्यात पोलादी पट्टी असते. आलेख आणखी खाली आला, पण थरथर राहिलीच. आठ नॅनोटेस्ला. तीस शोधायचे असताना आठची थरथर म्हणजे ताकात माशी. माशी छोटीच असते, पण ताक गेलं.

"आता माझ्याजवळ काही नाही," अध्यक्ष म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं. शास्त्रात काही निष्कर्ष असे असतात की ते दोघांना एकाच वेळी कळतात आणि दोघांनाही जाहीर करायचे नसतात.

"सर, पॅन्टचा हूक," मी शेवटी म्हणाले.

 दोन्ही सदस्य टिपणं घ्यायचे थांबले.

"तुम्ही थोडे मागे उभे राहिलात तरी चालेल," सर घाईने म्हणाले, "वीस मीटर..."

"वीस मीटरवरून मी काय पाहणार?" अध्यक्ष ताठ झाले. "मी परीक्षक आहे. मी जवळून पाहणार." आणि मग, एखादा सेनापती निर्णय घेतो तशा आवाजात म्हणाले, "दुसरं काही आहे का नेसायला?"

सोमलाभाऊंचं लग्नातलं धोतर आलं. अध्यक्ष झोपडीत गेले. बाहेर आले तेव्हा वर सफारी कोट होता, खाली धोतर, आणि डावा हात कमरेला घट्ट. गाठीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता. पॅन्ट पद्धतशीर घडी करून नाल्याकडे पाठवण्यात आली. आणि आलेख? आलेख सरळ रेषा झाला. दोन वर्षांत मी अशी रेषा पाहिली नव्हती.

"वा," अध्यक्ष म्हणाले. धोतरातल्या माणसाने स्वतःच्या धोतराचं इतकं वस्तुनिष्ठ कौतुक केलेलं मी प्रथमच ऐकलं.

सरांनी संवेदक हळूहळू हरणीच्या डाव्या कुशीकडे सरकवला. दहा. वीस. तीस. मी श्वास घेतला. ऐंशी. चारशे. मी श्वास सोडायला विसरले. दोन हजार पाचशे.

"सापडलं!" एक सदस्य ओरडला. टाळ्या पडल्या. तांड्याने तर आरोळ्या ठोकल्या. डॉक्टर संघपाल बाह्या वर करू लागले. रुपाबाईंनी डोळ्याला पदर लावला. सर थिजल्यासारखे पडद्याकडे बघत होते, त्यांचा चेहरा भर उन्हाळ्यात घरी नवीन पंखा लागल्यासारखा दिसत होता.

मी मनात भागाकार केला. अपेक्षित तीस, आले अडीच हजार. इतकी तार पोटात असायची तर हरणीने घरकुलाचा स्लॅब गिळलेला असायला हवा. मी मान वळवली. गर्दीत सोमलाभाऊ उभे होते आणि माझ्याकडे बघून, अगदी हळूच, एक डोळा मिटत होते.

मी त्यांच्याजवळ गेले. "सोमलाभाऊ, काय केलं?"

"काई नाई." मग अभिमान आवरेना. "शेजारच्या लालसिंगच्या जुन्या रेडिओत चुंबक होतं. बोटाएवढं. गुळात घोळलं, पिठाचा गोळा केला अन् काल सकाळी देऊन टाकलं. गोळा मातर खाल्ला तिनं. आता यंत्र पुण्याले जात नाई, मॅडम. फिकर नका करू."

"पण काहून?"

"काहून म्हंजे? तुमी आमच्या म्हशीसाठी एवढा कुटाना करून राह्यले, अन् तुमची इज्जत जाऊ द्यायची का आमी?"

मी उभी राहिले. पलीकडे टाळ्या चालूच होत्या. मी गप्प बसले तर यंत्र मंगरूळपीरला राहणार होतं. सरांचा फळा आणि खडू टळणार होता. माझंही काम राहणार होतं. पण डॉक्टर हात धूत होते आणि तारेच्या नावाने एका चुंबकासाठी हरणीचं पोट फाडलं जाणार होतं. मी किती वेळ गप्प राहिले, याची नोंद आलेखात आहे, कारण मी त्या वेळी परत वळून नकळत संवेदकाजवळ माझी सेफ्टी पिन लावलेली ओढणी आणली होती. चार सेकंद.

"सर," मी म्हणाले, "हे तारेचं नाही. तिला काल चुंबक खाऊ घातलं आहे."

टाळ्या एकेक करून थांबल्या. शेवटची टाळी एका म्हाताऱ्या बाईची होती, तिला ऐकू कमी येत होतं.

सरांनी सोमलाभाऊंकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग जमिनीकडे. "बरं केलं सांगितलंस," ते मला म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. फक्त त्यांनी लगेच तिवईचा पाय पुसायला रुमाल काढला.

"म्हणजे हा प्रयोग ग्राह्य नाही," अध्यक्ष म्हणाले. "माझी पॅन्ट मागवा."

पॅन्ट आणायला माणूस टेकडी उतरू लागला. सोमलाभाऊंना रुपाबाईंनी त्यांच्या बोलीत जे ऐकवलं त्यातलं मला काही कळलं नाही, पण सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. यंत्र बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मला तर आलेखाकडे बघायची सवयच, दुःखातही. आणि मला दिसलं की अडीच हजारांची ती रेषा सरळ नव्हती. मध्येच ती दचकायची. एक छोटी उचकी, लगेच एक मोठी, आणि मग शांत. पुन्हा तेच. मी सेकंद मोजले. बावन्न. पुढची चोपन्नावर. पुढची बावन्नावर.

"सर, हे बघा. एसटी नाही, जीप नाही. मग बावन्न सेकंदाला कोण येतंय?"

सरांनी पाहिलं. त्यांनी नजर न हटवता हाक मारली, "डॉक्टर! म्हशीच्या पोटात मिनिटाला एकदा काय होतं?"

डॉक्टर संघपाल पडद्याजवळ आले आणि एकदम पाठ फिरवून हरणीकडे धावले. त्यांनी तिच्या डाव्या कुशीत, बरगड्यांच्या मागच्या खळग्यात मूठ दाबली आणि डोळे मिटले.

"आत्ता," डॉक्टर म्हणाले. त्याच क्षणी आलेखाने उचकी दिली.

मी सेकंद मोजत राहिले. पन्नास, एक्कावन्न...

"आत्ता," डॉक्टर म्हणाले. पुन्हा उचकी. एक लहान, एक मोठी.

"पोट हलतंय!" डॉक्टरांनी डोळे उघडले. "परवा पाहिलं तेव्हा बंद पडल्यासारखं होतं. आता हलून राह्यलंय! त्या चुंबकाच्या संगतीनं तुमचं यंत्र पोटाची हालचाल मोजून राह्यलंय, सर! हात न लावता! आमी मूठ घालून अंदाज करतो, हे तं आकडा सांगतंय!"

तिसऱ्या वेळी "आत्ता" डॉक्टरांसोबत सोमलाभाऊ ओरडले. चौथ्या वेळी अर्धा तांडा. पाचव्या वेळी सगळा तांडा, दोन्ही सदस्य आणि ऐकू कमी येणारी म्हातारी (ती थोडी उशिरा). सहाव्या वेळी मधोमध एक नवा, जाड, शहरी आवाज आला, "आत्ताऽऽ!" ते अध्यक्ष होते. डावा हात कमरेला आणि उजवा हात हवेत. पॅन्ट घेऊन आलेला माणूस समोर उभा राहिला, तर त्यांनी त्याला हूकसकट पाच पावलं मागे ढकललं. "लांब! लांब ठेव ते!"

आणि तेव्हाच धोतराला मागून ओढ बसली. बारा दिवस धड काही न खाल्लेल्या हरणीने सोग्याचं टोक तोंडात घेतलं होतं आणि ती ते शांतपणे आत घेत होती.

"अरे, अरे!" अध्यक्ष.

"खाते! खाऊन राह्यली!" रुपाबाई ओरडल्या.

"सोडवू नका!" डॉक्टरही ओरडले. "कोणी हलू नका! खाऊ द्या!"

अध्यक्ष हलू शकत नव्हते. दोन्ही हातांनी कंबर धरून ते उभे होते. रुपाबाईंनी हिरवा चारा हरणीच्या तोंडाजवळ धरला आणि तेव्हा कुठे बावीस सेंटिमीटरवर अदलाबदल झाली. सगळा तांडा हरणीचा जबडा बघत होता, फक्त अध्यक्ष छपराकडे.

तार होती का, चुंबकाने ती धरून ठेवली म्हणून हरणीला आराम पडला का, हे मला विचारू नका. डॉक्टर म्हणतात, असंच झालं असणार, अशा जनावराला चुंबक देण्याची पद्धत आहेच, आणि ते जन्मभर पोटात राहिलं तरी त्रास देत नाही. सोमलाभाऊ तर आता तांड्यावर डॉक्टरांच्या खालोखाल मानले जातात. माझ्याकडे आधीचं मोजमाप नाही, त्यामुळे माझ्या वहीत त्या प्रश्नापुढे 'अनिर्णित' असं लिहिलं आहे. हरणी मात्र दोन्ही वेळा कुटार खाते आहे, हे निर्णित आहे.

महिन्याने समितीचं पत्र आलं. ते आम्ही तांड्यावर नेऊन वाचलं, कारण रुपाबाईंनी तसं बजावलं होतं. सरांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, "सदर संवेदक मंगरूळपीर येथेच ठेवण्यात यावा, कारण सदर म्हैस पुण्यास हलवणे व्यवहार्य नाही." पुढचं त्यांना वाचता येईना. त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि ते गोठ्याच्या बाहेर जाऊन उगाच आभाळ बघत उभे राहिले.

खाली प्रकल्पातल्या सगळ्यांचा तक्ता होता. मुख्य संशोधक, प्रा. धम्मपाल. सहभागी, कु. हरणी. सहायक, कु. सरिता. पोर्टलने तिला काढून टाकलं नव्हतं, उलट माझ्या वर घेतलं होतं.

"म्हंजे आमची हरणी नौकरीले लागली?" सोमलाभाऊंनी विचारलं. "पर्मनंट का ठेक्यावर?"

मी शेवटचा रकाना पाहिला. 'कालावधी' असं त्याचं नाव. माझ्या नावापुढे अकरा महिने होते. हरणीच्या नावापुढे 'हयातभर'.

"तिची पर्मनंट आहे," मी म्हणाले.

रुपाबाईंनी हरणीच्या कपाळावर हात फिरवला आणि मग, फार मोठ्या मनाने, माझ्याही पाठीवर. "होईन वं तुई बी," त्या म्हणाल्या. "जरासक तिच्यासारखं निवांत राह्यत जाय."